छातीशी धरलेले गिरमिट

मी एक जुने गिरमिट आहे, मित्रांनो, आणि सध्या मी रागावलेले आहे. लोखंडाला कुठे राग येतो का, असे तुम्ही विचाराल. येतो. फक्त ते बिचारे बोलून दाखवत नाही. आज मी बोलणार आहे.

तुमच्यापैकी पुष्कळांनी गिरमिट पाहिलेही नसेल. लाकडाला भोक पाडायचे हत्यार म्हणजे गिरमिट. माझ्या एका टोकाला जबडा आहे, त्यात पोलादी पाते घट्ट बसते. मध्ये दातेरी चाक आहे आणि ते फिरवायला लाकडी मूठ आहे. दुसऱ्या टोकाला तळहाताएवढी, किंचित आत वळलेली लोखंडी थाळी आहे. लहानसहान गिरमिटे हाताने दाबतात. मी थोरल्या घराण्यातले. माझी थाळी छातीला लावायची, अंगाचा भार माझ्यावर टाकायचा, एका हाताने मला सावरायचे आणि दुसऱ्या हाताने मूठ फिरवायची. मग लाकूड कितीही कडक असो, पाते आरपार गेलेच म्हणून समजा.

माझे पहिले मालक जिने बनवत. शहरातल्या उंच घरांना वळणदार जिने करून देणे हा त्यांचा धंदा होता. जिन्याच्या कठड्याला ओळीने दांडे बसवायचे असतात, आणि प्रत्येक दांड्यासाठी वर एक आणि खाली एक अशी भोके लागतात. तेव्हा मला उसंत म्हणून नसे. पण मालक मोठे जपून वागत. काम झाले की माझ्या चाकाला तेल देत आणि थाळीवर चामड्याची जाड गादी बांधून ठेवत. "लोखंडाला माणसाचं हाड कळत नाही, ते आपण कळवून द्यायचं," असे ते म्हणत. पुढे त्यांचे हात थकले आणि त्यांनी मला आपल्या भाच्याच्या हवाली केले. त्या भाच्याला सगळे मिस्त्री म्हणतात. माझी सगळी कहाणी या मिस्त्रींची आहे.

मिस्त्री मामांपेक्षाही गुणी निघाले, हे मी रागातही कबूल करते. त्यांचे दुकान खाली आणि घर वर होते. पहाटे चहा घेतला की ते खाली येत, मला उचलत आणि छातीशी धरत. भोक पुरे होत आले की लाकडाची शेवटची पापडी पात्यापुढे थरथरते. ती थरथर माझ्यातून त्यांच्या छातीत जाई आणि ते लगेच भार हलका करत. त्यामुळे लाकडाची कड कधी फुटली नाही. लोक कठड्यावरून हात फिरवत आणि म्हणत, "मिस्त्री, एकही कपचा उडालेला नाही. कसं काय जमतं हो?" मिस्त्री मला थोपटत आणि सांगत, "हे आहे म्हणून मी आहे." हे वाक्य मी कधी विसरले नाही. आता वाटते, विसरले असते तर बरे झाले असते.

त्यांचे मन मला त्यांनी तोंड न उघडताही कळे. बायकोशी खटका उडालेला असला की श्वास आखूड येई. मुलगी झाली त्या दिवशी त्यांनी एक भोक तिरके पाडले आणि स्वतःशीच हसत सुटले. मी त्यांच्या हसण्याने हलत होते. ही मुलगी पुढे भुशात खेळली, शाळेत गेली आणि पुलांचे नकाशे काढायला शिकली. घरात तिला सोनी म्हणतात.

एवढ्या वर्षांत एक गोष्ट मात्र बिघडली. माझी चामड्याची गादी झिजली, फाटली आणि एक दिवस केराबरोबर गेली. मिस्त्री म्हणाले, "उद्या नवी शिवू." मित्रांनो, तो उद्या अजून उजाडायचा आहे. गादी गेल्यापासून माझे उघडे लोखंड त्यांच्या सदऱ्याला लागू लागले. त्यांच्या सगळ्या सदऱ्यांना छातीवर एकाच जागी गोल झीज पडली. बायको ठिगळे लावी आणि म्हणे, "तुमच्या सदऱ्यांना काय उंदीर ठरवून एकाच जागी खातात?"

मिस्त्रींचे वय झाले तसा सोनीचा जीव खालीवर होऊ लागला. बाबा घामाने निथळतात, वाकून वाकून पाठ धरतात, हे तिला बघवेना. तिने एक विजेवर चालणारा ड्रिल आणला. हिरवागार, गुळगुळीत आणि भलताच बडबड्या. खटका दाबला की सारी गल्ली डोक्यावर घेई. सोनी म्हणाली, "बाबा, आजपासून ते गिरमिट बंद. शब्द द्या."

मिस्त्रींनी शब्द दिला. चार दिवसांनी तिने विचारले, "गिरमिट कुठे दिसत नाही?"

"मोडीत दिलं," मिस्त्री म्हणाले.

मी तेव्हा भिंतीला टेकलेल्या फळ्यांमागे, गोणपाटात गुंडाळलेले होते आणि सगळे ऐकत होते. तुम्हाला वाटेल मला वाईट वाटले. छे! मी वेडे सुखावले. मला वाटले, मुलीशी खोटे बोलून हा माणूस मला लपवतो आहे, म्हणजे याचा माझ्यावर केवढा जीव! जो एकासाठी दुसऱ्याला फसवतो, तो उद्या आपल्यालाही फसवणार, एवढी साधी अक्कल तेव्हा मला नव्हती.

खरी गोष्ट अशी होती की त्या हिरव्याने पहिल्याच आठवड्यात एका कठड्याची कड फोडली होती. मिस्त्रींचा त्याच्यावरचा विश्वास तिथेच उडाला. पण मुलीला तसे सांगायचे कसे? म्हणून त्यांनी एक शक्कल काढली. ते दुकानाचे दार लोटत, हिरव्याचा खटका दाबत आणि त्याला नुसताच हवेत फिरवत. घरघर, घरघर. वर बायकोला आणि सोनीला वाटे, काम जोरात चालले आहे. मग त्याला बंद करून ते मला बाहेर काढत आणि गुपचूप भोक पाडत. थोड्या वेळाने पुन्हा घरघर. तो हिरवा फुकटचा ओरडून ओरडून तापे आणि काम मी करी. चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, पण आयतोबाच्या बोंबा मी तिथेच ऐकल्या.

दार लोटलेले असल्याने मिस्त्रींना घाई असे. घाईत ते पूर्वीपेक्षा जास्त जोर लावत. मला त्यांच्या छातीचे ते ठिकाण जाणवत होते, मधल्या हाडाच्या डाव्या बाजूला. तिथे आता काहीतरी हुळहुळे झाले होते. मी टेकले की ते बारीक कण्हत आणि तरीही रेटत.

एके सकाळी मला फळ्यांमागे लपवून ते भुसा झाडायला वाकले आणि "आई गं" म्हणून खालीच बसले. छातीत डाव्या बाजूला कळ आली होती. श्वास घेतला की सुरी फिरल्यासारखी दुखे. सोनी धावत खाली आली. तिने एक क्षणही वाया घालवला नाही, त्यांना रिक्षात घातले आणि मोठ्या दवाखान्यात नेले. छातीत दुखले की आधी डॉक्टर, बाकी सगळे नंतर, हे त्या घराने अगदी बरोबर केले. तुम्हीही तसेच करा.

दवाखान्यात त्यांच्या हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासले, यंत्राने हृदय आतून पाहिले. सगळे ठीक निघाले. ते दुसऱ्या दिवशी घरी आले. पण दुखणे त्यांच्याबरोबर परत आले. शिंकले की दुखे, कूस बदलली की दुखे, उंचावरचा डबा काढायला हात वर केला की दुखे. मिस्त्री बायकोला म्हणाले, "यंत्राला काय कळतंय? माझ्या बापाचं असंच झालं होतं. आपलं आता काही खरं नाही."

नेमके त्याच दिवसांत सोनीला दूरच्या शहरात नोकरी लागली होती. मोठमोठे पूल बांधणाऱ्या लोकांकडे नकाशे काढायचे काम. लहानपणी भुशात काड्यांचे पूल करणाऱ्या मुलीला आणखी काय हवे! पण बाबांचा उतरलेला चेहरा पाहून ती दुकानातल्या स्टुलावर बसून राही. एकदा ती आईला म्हणाली, "मी नाही जात. बाबांना असं टाकून माझं तिकडे लक्ष लागणार आहे का?" आईने तिच्या पाठीवरून हात फिरवला. मिस्त्री रंध्याची धार बोटाने पाहत राहिले.

त्या सुमारास मिस्त्रींकडे गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंच्या जिन्याचे काम होते. बाई काम कुठवर आले ते पाहायला दुकानात आल्या. सोनीने दवाखान्याचे सगळे कागद त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी ते शांतपणे वाचले आणि म्हणाल्या, "हृदय छान आहे. मिस्त्री, सदऱ्याची बटणं काढा बघू."

त्यांनी मधल्या हाडाच्या कडेने एकेक बोट खाली सरकवत दाबून पाहिले. तिसऱ्या बरगडीपाशी आल्या आणि मिस्त्री ओरडले, "मेलो!"

"नाही मेलात," बाई हसल्या. "हीच कळ ना? जी तुम्हाला रोज येते?"

"हीच! अगदी हीच!"

मग बाईंनी पट्टीला बरगडी आणि भुशाच्या डब्याला छातीचे मधले हाड मानून सोनीला समजावले. मीही फळ्यांमागून कान देऊन ऐकले, म्हणून तुम्हाला सांगू शकते. आपल्या बरगड्या कठीण हाडाच्या असतात. पण पुढे, छातीच्या मधल्या हाडाला जिथे त्या जोडल्या जातात, तिथे हाड नसते. तिथे कूर्चा असते. तुमच्या कानाची वरची कड दुमडून पाहा. तसाच लवचिक, पण त्याहून जाड असा तो भाग असतो. तो लवतो म्हणून श्वास घेताना छाती फुगते. त्या सांध्यावर पुन्हापुन्हा ताण आला, मार बसला किंवा फार खोकला झाला की तिथे दाह होतो. कधीकधी कारण सापडतही नाही. मग श्वास घेतला तरी तो सांधा हलतो आणि दुखतो. हृदय त्याच्या मागेच असल्याने माणसाला वाटते हृदयच गेले.

"म्हणजे घाबरायचं कारण नाही?" सोनीने विचारले.

"तपासण्या झाल्यात, त्या चांगल्या आहेत आणि दाबल्यावर तीच कळ येते. त्यामुळे मला हेच वाटतंय. गोळ्या देते. शेकायचं, आराम करायचा आणि छातीवर भार येईल असं काही करायचं नाही. काही आठवड्यांत आपोआप बसतं हे. मात्र दम लागला, घाम फुटला, कळ हातात किंवा जबड्यात गेली, तर पुन्हा थेट मोठा दवाखाना." मग त्यांनी मिस्त्रींकडे पाहिले. "आता आठवून सांगा. कामात छातीवर काही रेटावं लागतं का? काही टेकवता का इथे?"

मित्रांनो, मी श्वास रोखला. मला वाटले, आता हा माणूस माझे नाव घेईल. आता मला गोणपाटातून बाहेर काढील आणि म्हणेल, बाई, हे माझे गिरमिट, याची गादी मीच शिवली नाही.

मिस्त्री म्हणाले, "छे हो. आता सगळं विजेवर. बोटानं खटका दाबायचा, झालं."

इतकी वर्षे ज्या छातीला मी चिकटून राहिले, त्या छातीतून हे शब्द निघाले. मी तिथे होते. दहा पावलांवर होते. त्यांना आपले दुखणे कशाचे आहे हे त्या क्षणी लख्ख कळले होते, आणि तरी त्यांनी मी नाहीच असे सांगून टाकले. डॉक्टरीणबाई विचारात पडल्या, औषध लिहून गेल्या. मी गोणपाटात गोठून पडले.

थोडे दिवस मिस्त्रींनी आराम केला. कळ कमी झाली. घरात हसू परत आले आणि सोनीने बॅग माळ्यावरून काढली. मग मिस्त्रींना डॉक्टरीणबाईंचा कठडा खुणावू लागला. त्यांनी दार लोटले, हिरव्याची घरघर केली आणि मला बाहेर काढले. मला जावेसे वाटत नव्हते. पण हत्याराला नाही म्हणता येत नाही. तीच जागा, तेच उघडे लोखंड, तोच भार. संध्याकाळपर्यंत मिस्त्री पुन्हा छाती धरून बसले. "गोळ्यांचा काही उपयोग नाही," ते म्हणाले. "दुखणं वेगळंच आहे." असे पुन्हा झाले आणि पुन्हा झाले. सोनीने बॅग माळ्यावर परत टाकली. "उद्या कळवून टाकते, मी येत नाही म्हणून," ती म्हणाली.

त्या दुसऱ्या दिवशी सकाळपासून वीज नव्हती. सोनी आईबरोबर बाजारात गेली होती. घरात ऐकायला कोणीच नसल्याने, हिरव्याची घरघर करता येत नाही याची मिस्त्रींना पर्वा वाटली नाही. त्यांनी मला घेतले आणि कठड्याला एकापाठोपाठ एक भोके पाडली. दारात चपला वाजल्या तेव्हा त्यांनी घाईघाईने मला फळ्यांमागे सरकवले.

सोनी आत आली. तिने सवयीने दिव्याचे बटण दाबले. दिवा लागला नाही. तिने कठड्याकडे पाहिले.

"बाबा, ही भोकं कधी पाडलीत?"

"काल."

"काल संध्याकाळी केर मी काढला. कठड्याची ही बाजू कोरी होती."

"मग सकाळी पाडली असतील."

"कशानं? वीज तर पहाटेच गेलीय."

मिस्त्रींनी उगीच एक फळी सरळ केली. सोनीने खालचा भुगा चिमटीत घेतला. हिरव्याचा भुगा पिठासारखा बारीक पडतो. माझा पडतो लांब, गुंडाळलेल्या सालींचा. तिने काही न बोलता फळ्या बाजूला केल्या, गोणपाट ओढले आणि मला उचलले. तिचे बोट माझ्या पात्याला लागले.

"हे अजून गरम आहे, बाबा."

मग जे झाले ते सांगताना आजही माझे चाक अडखळते. मिस्त्रींनी मला तिच्या हातातून हिसकावले. "ह्याच मेल्यानं घात केला माझा! छाती खाल्ली माझी ह्यानं!" असे म्हणून त्यांनी मला फरशीवर आपटले. माझ्या चाकाचा एक दात तुटून कोपऱ्यात उडाला. हे आहे म्हणून मी आहे, असे म्हणणारा माणूस तो. नाचता येईना म्हणजे अंगण वाकडे, हे ठीक आहे. पण नाचणाऱ्यानेच अंगण लपवायचे आणि वर त्यालाच लाथ मारायची, हा कुठला न्याय?

मिस्त्रींची बायको पिशवी घेऊन दारात उभी होती. ती म्हणाली, "अहो, त्याला काय आपटता? ते काय रोज आपल्या पायांनी चालत येऊन तुमच्या छातीवर बसत होतं?"

मिस्त्री स्टुलावर बसले; सोनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून खाली बसली. तिचा आवाज अगदी हळू होता. "डॉक्टरीणबाईंनी विचारलं, त्याच दिवशी तुम्हाला कळलं होतं ना?"

मिस्त्रींनी सदऱ्यावरचे ठिगळ मुठीत धरले.

"मी नोकरी सोडणार होते, बाबा. तुमचं हृदय बिघडलंय म्हणून. तुम्ही मला एका शब्दानं थांबवलं नाहीत."

मिस्त्री फरशीकडे पाहत म्हणाले, "आधी लाज वाटली ग. तुला शब्द दिला होता ना. मग तू जाणार नाहीस म्हणालीस. आणि मला बरं वाटलं."

मला एवढे दिवस वाटत होते, फसवले ते मला. त्या वाक्यानंतर सोनीचा चेहरा मी पाहिला आणि गप्प झाले. ती रडली नाही, भांडलीही नाही. तिने फक्त बाबांच्या गुडघ्यावर ठेवलेला हात काढून घेतला.

पुढचे लवकर सांगते. त्याच संध्याकाळी डॉक्टरीणबाईंना खरे काय ते सांगितले गेले. त्या मिस्त्रींवर चांगल्याच उखडल्या. "मी काय ज्योतिषी आहे? तुम्ही लपवणार आणि मी ओळखायचं?" मग त्यांनी माझी थाळी हातात घेतली, तिसऱ्या बरगडीच्या जागी धरून पाहिली आणि मान हलवली. राहिलेला कठडा दुसऱ्या सुताराने पुरा केला. मिस्त्रींनी खरोखरीचा आराम केला, शेक घेतला, आणि काही आठवड्यांनी ते न कण्हता शिंकले. वरच्या खोलीतून टाळ्या ऐकू आल्या.

सोनी नोकरीवर गेली. निघताना तिने मला एका जुन्या सदऱ्यात गुंडाळून बॅगेत घातले. मिस्त्री म्हणाले, "ते कशाला? ओझं उगीच."

"तुमच्याजवळ नको," ती म्हणाली.

मला वाटले, निदान आता तरी ते माझ्या मुठीला हात लावतील. त्यांनी बॅगेची चेन ओढून दिली.

आता मी तिच्या भाड्याच्या खोलीत, खिडकीतल्या फळीवर असते. तिने माझा गंज पुसला, चाकाला तेल दिले आणि थाळीला चामड्याची गादीही शिवली, मी कधीच कुणाच्या छातीला लागणार नसताना. रविवारी ती घरी फोन करते. "जेवलात का? आई कशी आहे?" असे सगळे विचारून होते. मग ती थोडे थांबते आणि विचारते, "छातीत दुखतं का?" तिकडून आवाज येतो, "छे, अजिबात नाही." पूर्वी ती एवढ्यावर हसली असती. आता म्हणते, "आईला फोन द्या," आणि तोच प्रश्न आईला पुन्हा विचारते.

मित्रांनो, दात तुटलेले चाक अजून फिरते, फक्त प्रत्येक फेऱ्यात त्या जागी खट्ट होते. हत्यारांना तेल द्या, त्यांच्या गाद्या वेळेवर शिवा आणि आपली चूक उघडी पडली म्हणून त्यांना आपटू नका. छातीत दुखले तर घाबरून लपू नका आणि लपवूही नका. डॉक्टरांनी विचारले तर सगळे सांगा. आणि तुमच्या दुखण्यासाठी जो आपली वाट सोडायला निघाला आहे, त्याला तर पहिल्यांदा सांगा. त्या दिवशी मला बोलता आले असते तर मी फळ्यांमागून ओरडले असते. मला येत नव्हते. तुम्हाला येते.